खलनायकाला टाळ्या

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या या डच शहरात वारा सुरू होतो. बुइटनव्हेल्डर्टच्या घरून स्लोटरडाइकच्या ऑफिसात सायकलनं जायला मला एरवी चौतीस मिनिटं लागतात, या दिवसांत एकेचाळीस. सकाळी वारा समोरून येतो, म्हणजे संध्याकाळी तो पाठीशी असायला हवा आणि गेलेली सात मिनिटं परत मिळायला हवीत, असं साधं गणित आहे. पण संध्याकाळीही तो समोरूनच येतो. चार वर्षं मी याच्या नोंदी ठेवल्या आहेत. माझी बायको शुभदा म्हणते, "अहो, वाऱ्याचं काय तुमच्याशी वैर आहे का?" नोंदींवरून तरी तसंच दिसतं.

झाडांची पानं गळून सायकलच्या वाटेवर चिकटतात. पावसानं त्यांचा असा गिलावा होतो की ब्रेक लावला तर चाक थांबतं, माणूस थांबत नाही. मग एका रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि ऑफिसातून निघतानाच अंधार झालेला असतो. त्याच सुमाराला शुभदा चकलीची भाजणी भाजायला घेते. छतावरचा धुराचा अलार्म वाजू लागतो, आणि मी ओला टॉवेल हातात घेऊन स्टुलावर चढून त्या डबीला वारा घालतो. दिवाळी जवळ आली हे आम्हाला असं कळतं.

यंदाचा अलार्म परवा वाजला. तो थांबेपर्यंत आइंडहोवनच्या मकरंदची ईमेल आली होती. मकरंद चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो आणि आमच्या मराठी मंडळाची नाटकं बसवतो. ईमेलमध्ये दरवर्षीचंच वाक्य होतं: सर्व भूमिका भरल्या आहेत, फक्त खलनायक हवा आहे. शुभदानं ती वाचली आणि जमिनीकडे बघितलं. आमच्या जमिनीखाली, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, बार्बा राहतो.

बार्बा म्हणजे ग्रीकमध्ये काका. त्याची आमची ओळखही अलार्मनंच झाली. आम्ही या घरात आलो त्या पहिल्या दिवाळीला भाजणीचा धूर झाला, घंटा वाजली, आणि दारात पाण्यानं भरलेली बादली घेऊन एक उंच, वाळका म्हातारा उभा राहिला. भुवया अशा की त्यांच्याखाली पावसात दोन चिमण्या सहज बसल्या असत्या. आमची मुलगी मैत्रेयी किंचाळून आतल्या खोलीत पळाली. तो मात्र बादली खाली ठेवून घाबऱ्याघुबऱ्या इंग्रजीत म्हणाला, "आग कुठे आहे? मुलगी कुठे आहे?" आग नव्हती. त्याला चकली दिली. त्यानं चार खाल्ल्या.

तो मुलीकडे राहत होता. मुलगी एलेनी इथल्या एका बँकेत, जावई डच, आणि नात दाफ्नी आमच्या मैत्रेयीच्याच शाळेत, दोन वर्ग खाली. रोज सव्वातीनला आणि बुधवारी साडेबाराला बार्बा शाळेच्या फाटकाशी उभा असायचा. खिशात सोललेलं संत्रं. वाटेत तो दाफ्नीला एकेक फोड द्यायचा, आणि शाळेपासून घरापर्यंत संत्रं बरोबर पुरायचं. असं नियोजन मी आमच्या ऑफिसात क्वचित पाहिलं आहे. आपण सरकारी कचेरीतून निवृत्त झालो, असं त्यानं आम्हाला सांगितलं होतं. मला ते पटलंही होतं.

खरं काय ते दोन वर्षांपूर्वीच्या याच दिवसांत बाजारात कळलं. शनिवारच्या बाजाराला आम्ही दोघं जायचो, कारण माझी यादी दुकानांच्या क्रमानं लिहिलेली असते आणि त्याला ते आवडायचं. त्या दिवशी ऑलिव्हच्या टपरीवर नवा विक्रेता होता, पन्नाशीचा ग्रीक. त्यानं बार्बाकडे बघितलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोला हाताला धरून मागे ओढलं. मग तो बोलायला लागला. ग्रीक मला येत नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. बार्बा मान खाली घालून ऐकत होता. पाच मिनिटांनी विक्रेत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं बार्बाचे दोन्ही गाल धरले आणि अर्धा किलो मागितले असताना किलोभर ऑलिव्ह दिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी एका पांगळ्या मुलीला होडीतून ढकललं होतं," बार्बा म्हणाला. "त्याची आई आठवडाभर जेवली नाही."

मी पिशवी खाली ठेवली. तेव्हा कुठे तो नाइलाजानं म्हणाला, "सिनेमात."

पुढचे तीन शनिवार मी त्याच्याकडून सगळी माहिती काढून तक्ता केला. असं काम अर्धवट ठेवणं मला जमत नाही. एकूण चित्रपट चौसष्ट. खलनायक एकसष्टांत. उरलेल्या तिनांत तो एकदा पाद्री, एकदा पोस्टमन आणि एकदा प्रेत होता. एकसष्ट खलनायकांपैकी सत्तेचाळीस मेले: गोळीनं अठरा, कड्यावरून पडून नऊ, सुऱ्यानं आठ, बुडून सहा, स्वतःच कालवलेलं विष चुकून पिऊन तीन, आगीत दोन आणि गाढवाच्या लाथेनं एक. अकरा जण तुरुंगात गेले. तीन जण शेवटी सुधारले. त्या तिनांबद्दल विचारलं की तो विषय बदलायचा. "दिग्दर्शक घाबरट होता," एवढंच म्हणायचा.

नायक तो कधीच झाला नाही. त्याचं त्याला वाईटही वाटलेलं नव्हतं. "नायकाकडे काय असतं?" तो म्हणायचा. "केस असतात. योजना खलनायकाकडे असते. कुठे, कधी, कुणाला, किती वाजता. सिनेमात काम करणारा माणूस तो एकटाच. बाकीचे गातात."

हे मला फार पटलं. आमच्या घरात नऊला टीव्ही बंद करणारा मी, हीटर अठरावर आणणारा मी, विमानतळावर तीन तास आधी पोचा म्हणणारा मी. प्रत्येक घरात हे काम कुणाला तरी करावं लागतं, आणि त्या माणसाला सकाळी कुणी गुड मॉर्निंग म्हणत नाही.

मंडळातही माझी कीर्ती तशीच होती. त्या वर्षी मकरंदनं स्वतःच नाटक लिहिलं होतं: गावातले एक वयस्कर गुरुजी, त्यांची शाळा, आणि ती पाडून तिथे हॉटेल बांधू पाहणारा एक धनाढ्य. नाटकात काम करायला एकोणीस पुरुष तयार होते आणि एकोणिसांपैकी एकालाही धनाढ्य व्हायचं नव्हतं. एकाचे सासू-सासरे आलेले होते. एकाचा गेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, परवान्याचा अर्ज होता, तिथल्या बाईंनी पाहिलं तर काय, अशी त्याला भीती होती. लायडनला जंतूंवर संशोधन करणारा एक जण म्हणाला, माझा चेहराच प्रेमळ आहे.

"मग आपटे, तुम्ही," मकरंद म्हणाला.

"मी का?"

"तुम्ही कार्यक्रम वेळेवर सुरू करता. लोकांचा तसाही तुमच्यावर राग आहे."

मी शिकायला बार्बाकडे गेलो. त्यानं मला खोलीत यायला सांगितलं. मी डोळे वटारून आलो आणि ओरडलो, "ही शाळा मी विकत घेणार!" त्यानं डोळे मिटून घेतले.

"ओरडू नको," मग तो म्हणाला. "सिनेमात चांगली माणसं ओरडतात, त्यांना तो हक्क असतो. वाईट माणसाला घाई नसते. पुन्हा ये. आणि येताना दार लाव. हळू. लोकांना वाटलं पाहिजे की आता ते उघडणार नाही."

मी नऊ वेळा दार लावलं. नवव्या वेळी दाफ्नी आतून येऊन म्हणाली, "बिजागरीला तेल हवंय का?"

पुढच्या रविवारी तालमीला मी बार्बालाच घेऊन गेलो, की निदान त्यानं बाजूला बसून चुका सांगाव्यात. मी प्रवेश केला आणि लहान मुलं हसली. मकरंदनं कपाळाला हात लावला. बार्बा उठला, म्हणाला, "एकदाच दाखवतो," आणि विंगेत गेला. मग नुसता चालत आला. सहा पावलं. गुरुजींच्या खुर्चीच्या पाठीवर त्यानं एक बोट ठेवलं आणि ते बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून धूळ आहे का ते बघितलं. मुलं हसायची थांबली. एक रडायला लागलं. गुरुजी झालेला आमचा लायडनचा संशोधक खुर्चीवरून आपोआप उठून उभा राहिला.

"काका," मकरंद मराठीतच म्हणाला, "हे पाहिजे."

धनाढ्याचा परदेशी धनाढ्य झाला. वाक्यं कमी करून चौदा ठेवली. बार्बानं ती माझ्याकडून ऐकून ग्रीक अक्षरांत लिहून घेतली आणि आमच्या जिन्यात, लिफ्टमध्ये, शाळेच्या फाटकाशी घोकायला लागला. मी नाटकात उरलो तो प्रॉम्प्टर म्हणून. घरातल्या तिघांनाही बरं वाटलं.

आणि मग एका संध्याकाळी एलेनी वर आली. कोट न काढता सोफ्याच्या कडेला बसली. शुभदानं चहा ठेवला, तिनं घेतला नाही.

"तुम्हाला मजा वाटते आहे," ती म्हणाली. "मला माहीत आहे, तुमचा हेतू चांगला आहे. पण मी त्या माणसाची मुलगी म्हणून शाळेत गेले आहे. माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. बेकरीतली बाई आमच्या रांगेपाशी आली की पाव संपला म्हणायची. घरी ते माझ्या वेण्या घालायचे आणि बाहेर लोक त्यांना बघून थुंकायचे. लहान मुलाला हे दोन्ही एका माणसात कसं बसवायचं ते कळत नाही. मला कळलं नाही. मी किती तरी वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही."

"दाफ्नीला माहीत नाही?" शुभदानं विचारलं.

"तिला वाटतं आजोबा कचेरीत होते. रोज संध्याकाळी ती मला सांगते, आज संत्र्याच्या किती फोडी झाल्या. त्यांच्याकडे आता तेवढंच आहे. ती जर त्यांना घाबरली, उद्या फाटकाशी त्यांचा हात धरला नाही, तर ते काय करतील?"

मी म्हणालो, आपण त्यांना नाही म्हणून सांगू. एलेनीनं चहाचा कप जवळ ओढला. मग म्हणाली, ते लिफ्टमध्ये मराठी बोलत असतात तेव्हा त्यांची पाठ ताठ असते, हे तिनं पाहिलं होतं. पाठ अशी ताठ तिनं वीस वर्षांत पाहिली नव्हती. शेवटी ठरलं ते असं: ती दाफ्नीला घेऊन येईल, तिसऱ्या रांगेत कडेला बसेल, आणि मुलीच्या डोळ्यांत पहिला थेंब दिसला की उठून जाईल. त्यानंतर नाटक नाही, तालीम नाही, काही नाही. बार्बाला हे खाली जाऊन मी सांगितलं. त्यानं मान हलवली. "योग्य आहे," म्हणाला. रात्रभर त्याच्या पावलांचा आवाज ऐकू आला असं शुभदा सांगते. मी झोपलो होतो, तेव्हा मला ते खात्रीनं सांगता येणार नाही.

नाटकाच्या दिवशी शाळेच्या सभागृहात एकशे त्रेचाळीस माणसं होती. मकरंदची आई कुसुमताई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी स्वतः भाजलेल्या बेसनाचे लाडू आणले होते, आणि मकरंदला रंगमंचावर सगळं खरं लागतं म्हणून ते सव्वीसच्या सव्वीस स्टीलच्या डब्यात घालून गुरुजींच्या टेबलावर ठेवले होते. नाटकातही तो डबा गुरुजींच्या आईनंच पाठवलेला होता. जेवणानंतर तेच लाडू सगळ्यांना वाटायचे होते. वाटणी माझ्याकडे होती. एकाचे सहा तुकडे केले तर एकशे छप्पन्न होतात, म्हणजे तेरा उरतात.

पहिला अंक. बार्बा आला. सहा पावलं, बोट, धूळ. सभागृह गप्प. मग त्यानं तोंड उघडलं.

"नमस्कार, गुरुजी."

टाळ्या.

त्यानं थांबून वाट बघितली. "ही शाळा मी विकत घेणार."

पुन्हा टाळ्या. मागून कुणी तरी म्हणालं, "अगं बाई, किती स्पष्ट!" दुसरं कुणी म्हणालं, "आपली पोरं बघा, आणि हे बघा." "पैशानं सगळं मिळतं" या वाक्याला वन्स मोर आला. गुरुजींना तो घराबाहेर काढायची धमकी देतो, तिथे तर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. चौदांपैकी नऊ वाक्यं पहिल्या अंकात होती. नऊच्या नऊ वाक्यांना टाळ्या पडल्या.

मध्यंतरात बार्बा विंगेत एका खोक्यावर बसला होता. चेहरा राखेसारखा.

"त्यांना मी आवडलो," तो म्हणाला.

"हो, म्हणजे..."

"चौसष्ट चित्रपट. माझ्यावर चपला फेकल्या आहेत. एकदा कलिंगड फेकलं आहे. टाळी कधी कुणी वाजवली नाही. मी संपलो, मित्रा. मी आता गोड म्हातारा झालो."

मी त्याला समजावलं, की दोष त्याचा नाही, आमचा आहे. परका माणूस आमच्या भाषेत दोन शब्द बोलला की आम्ही विरघळतो. दरोडेखोरानं सुरा दाखवून 'कृपया पाकीट द्या' म्हटलं, तरी आम्ही आधी त्याच्या उच्चाराचं कौतुक करू.

त्यानं हे नीट ऐकून घेतलं. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "म्हणजे मी बोललो नाही तर?"

"तर माहीत नाही."

"या लोकांना काय प्रिय आहे? आता, या घटकेला, या खोलीत?"

मी सभागृहाकडे बघितलं. मकरंद माइकवर सांगत होता की जेवणानंतर आईच्या हातचे नाशिकचे लाडू आहेत, आणि पहिल्यांदाच त्याला नाटकापेक्षा जास्त टाळ्या पडत होत्या.

"ते," मी म्हणालो.

दुसऱ्या अंकात गुरुजी एकटे बसलेले असतात आणि धनाढ्य करारावर सही घ्यायला येतो. इथे बार्बाची पाच वाक्यं होती. तो आला, दार लावलं, खुर्ची ओढून बसला आणि बोललाच नाही. मी विंगेतून पहिलं वाक्य हळूच सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. लायडनचे गुरुजी घामाघूम झाले. बार्बानं डबा जवळ ओढला, झाकण काढलं, एक लाडू उचलला, वास घेतला, एक घास खाल्ला. चावला. चेहरा जरासा वाकडा केला. आणि उरलेला अर्धा लाडू परत डब्यात ठेवला.

सभागृहातून एक आवाज आला. एकशे त्रेचाळीस माणसांनी एकदम श्वास आत घेतला की येतो तसा. उष्टं म्हणजे काय ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण तो आवाज त्यानं ऐकला. त्याची मान किंचित वळली, जशी शिकारी कुत्र्याची वळते. क्षणभरात त्याला कळलं की आपला हात कुठल्या शिरेवर पडला आहे.

त्यानं दुसरा लाडू उचलला. दुसऱ्या कोपऱ्यातला. एक घास. परत डब्यात.

"अहो!" कुणी तरी कळवळून म्हणालं.

तिसरा. चौथा. पाचवा. प्रत्येक वेगळ्या बाजूचा, म्हणजे एकही बाजू वाचायला नको. मग त्यानं बोटं गुरुजींच्या उपरण्याला पुसली, झाकण नीट लावलं आणि डबा दोन्ही हातांनी, अतिशय अदबीनं, गुरुजींपुढे धरला.

"अरे मेल्या!" दुसऱ्या रांगेतून कुसुमताई उभ्या राहिल्या. "उष्टं घालतोस त्यात? तुझे हात झडतील!"

मग सगळेच सुटले. मुलं हुर्यो करू लागली. मघाशी उभं राहून टाळ्या वाजवणारे गृहस्थ "बाहेर काढा त्याला" म्हणत होते. आमचे गुरुजी भूमिका विसरून "हे हायजिनिक नाही" असं म्हणाले, ते नाटकात नव्हतं. बार्बा त्या गदारोळात शांत बसला होता. फक्त मला, विंगेतून, त्याचे कान लाल झालेले दिसत होते. एवढा सुखी माणूस मी त्या वर्षी दुसरा पाहिला नाही.

मी पडद्याच्या फटीतून तिसऱ्या रांगेकडे बघितलं. एलेनी अर्धी उठली होती. दाफ्नी हलत नव्हती. रडत नव्हती, हसत नव्हती, तोंड घट्ट मिटून रंगमंचाकडे बघत होती. ती तशीच शेवटपर्यंत बसली. शेवटी सगळे कलाकार वाकले, बार्बाच्या वेळी टाळी पडली नाही, एवढ्या शांततेत तो वाकला आणि सरळ होताना त्याचे डोळेही तिसऱ्या रांगेकडेच गेले. तिनं नजर खाली वळवली.

जेवणाला पुरी-भाजी आणि श्रीखंड होतं. लाडू नव्हते. रांगेत बार्बाच्या पुढे आणि मागे चार-चार हात जागा मोकळी राहिली. लोक मुद्दाम करत होते असं नाही, पण सरकत होते. पुरी-भाजी वाढणाऱ्या कुसुमताईंनी त्याच्या ताटावरून डाव पुढे नेला. तो रिकामं ताट घेऊन एका टेबलाशी बसला आणि त्या टेबलावर दुसरं कुणी बसलं नाही. आठातल्या सात खुर्च्या रिकाम्या. सकाळी खुर्च्या मांडताना मी माणसं मोजली होती, आणि आता त्या टेबलाकडे मला बघवेना.

एलेनी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "असंच," ती म्हणाली. "बेकरीत अगदी असंच." ती कल्पना माझी होती, लाडवांकडे बोट मी दाखवलं होतं.

तेवढ्यात दाफ्नी मैत्रेयीच्या शेजारून उठली. सगळं सभागृह ओलांडून ती त्या टेबलापाशी गेली. बार्बा उठून उभा राहिला. भुवयांखाली आता खलनायकाचं काहीच नव्हतं. डॉक्टरच्या दाराबाहेर रिपोर्टची वाट बघणारा म्हातारा दिसतो तसा तो दिसत होता. दाफ्नी ग्रीकमध्ये बोलायला लागली. कमरेवर हात ठेवून, बराच वेळ. एलेनीनं तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, तुम्ही लोकांचं खाणं घाण केलंत. ते म्हणतायत, बाळ, ते नाटक होतं. ती म्हणतेय, लाडू खरे होते."

मग दाफ्नीनं मैत्रेयीला हाक मारली आणि डचमध्ये काहीतरी विचारलं. मैत्रेयी, जी आमच्याशी मराठीत एक वाक्य पुरं करत नाही, तिनं तिला एक शब्द तीनदा म्हणून दाखवला. दाफ्नीनं तो आजोबांकडून दोनदा म्हणवून घेतला. मग त्यांचं बोट धरलं आणि त्यांना पहिल्या टेबलापाशी नेऊन उभं केलं.

"चुकलो," बार्बा म्हणाला.

आणि मग अर्थातच टाळ्या. "अहो, 'च' बघा काय सुंदर!" "बसा ना, काका, बसा!" एकानं त्याला मिठी मारली. बार्बानं माझ्याकडे असं बघितलं की मी बघणं टाळलं. दाफ्नीनं बोट ओढलं. दुसरं टेबल. "चुकलो." टाळ्या. अठरा टेबलं होती. सातव्या टेबलापर्यंत त्यानं आयुष्यभराची कमाई जवळजवळ घालवली होती, बाराव्यापाशी त्याला कुणी तरी श्रीखंड भरवलं. आणि एलेनी भिंतीला टेकून हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. "मला कधी हे सुचलंच नाही," ती म्हणाली. "मी नुसती लपून बसायचे."

सगळ्यात शेवटी ते दोघं कुसुमताईंपुढे आले. बार्बा ताठ उभा राहिला. "चुकलो."

"चुकलास?" कुसुमताईंनी डाव भांड्यात आपटला. "किलोभर बेसन उभ्यानं भाजलंय मी. चुकलो म्हणे! पुन्हा माझ्या डब्याला हात लावलास ना, तर मुस्कट फोडीन."

"आई, अगं," मकरंद धावत आला, "ते पाहुणे आहेत, मोठे कलाकार..."

"पाहुणा गेला खड्ड्यात!"

बार्बानं मला विचारलं, काय म्हणतात. मी अनुवाद केला. काही गाळलं नाही. बेसनाचं वजन, मुस्कट आणि खड्डा, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळत गेला. त्यानं हात छातीवर ठेवला आणि तो कुसुमताईंपुढे कमरेपर्यंत वाकला.

"ही माफ करत नाहीये?" दाफ्नीनं आजोबांना इंग्रजीत विचारलं.

"नाही."

"मग आता?"

"आता जेवू," तो म्हणाला.

कुसुमताईंनी तोंड फिरवलं, आणि तोंड फिरवलेलं तसंच ठेवून त्याच्या ताटात पुऱ्या टाकल्या. तीन. बाकीच्यांना त्या दोन-दोन वाढत होत्या. बार्बानं ताटाकडे बघितलं आणि घाबरून माझ्या कानाशी आला. "तीन? म्हणजे माफ केलं का?"

मी कुसुमताईंचा चेहरा नीट निरखून बघितला.

"नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही."

तेव्हा कुठे तो दाफ्नीशेजारी बसला आणि पहिली पुरी त्यानं हातात घेतली.